करड्या गाडीचा निकाल

झरीच्या थांब्यावर उतरून तुम्ही संघप्रिया खंदारेचं घर विचारलंत, तर समोरचा आधी तुम्हालाच विचारील, "कोण, गाड्यावाली का?" आणि मग बोट दाखवील. यात गंमत एवढीच, की या गाड्यावालीच्या दारात चारचाकी म्हणून काही नाही. एक स्कूटी आहे. तीही तिची माय सगुणाबाई बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेली, की दिवसभर परत दिसत नाही.

पण ज्या गाड्या ताशी साडेतीनशे किलोमीटरनं पळतात, ज्यांच्यात पेट्रोलचं इंजिनही असतं आणि बॅटरीवरची मोटरही, ज्यांना जगभर हायपरकार म्हणतात, त्यांच्यातली कोणती खरी आणि कोणती नुसतीच देखणी, हे माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून सांगणं हा संघप्रियाचा पोटापाण्याचा उद्योग आहे. अशी गाडी तिनं आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. आली असती तरी झरीच्या पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकवून बसली असती. शेजारचा एक जण तिला एकदा चिडवायला म्हणाला, "कधी बसलीस का गं त्या गाडीत?" तर ही म्हणाली, "डॉक्टर काय पेशंटच्या अंगात बसतो व्हय?" तो गडी त्यानंतर पुन्हा विचारायला आला नाही.

पुण्याहून 'धावपट्टी' नावाचं गाड्यांचं मासिक निघतं. त्यांची माणसं बंदिस्त ट्रॅकवर गाडी नेतात, गाडीत एक छोटी डबी बसवतात आणि शर्यतीत मुरलेला चालक ती गाडी पळवतो. चालकानं पाय किती दाबला, चाकांना ओढ किती मिळाली, वेग किती होता, स्टेअरिंग किती वळलं, बॅटरीत किती उरलं, हे सगळं ती डबी सेकंदाला शंभर वेळा टिपते. तो पसारा झरीला येतो. पडद्यावर एकाखाली एक रेघा उमटतात आणि संघप्रिया त्या वाचते. आपल्याला त्या रेघांत काही दिसणार नाही. तिला चालकाची भीती दिसते, आळस दिसतो, कधी कधी त्याची फुशारकीही दिसते.

हे काम तिला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. नांदेडला इंजिनीअरिंग करून ती चाकणला एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणीवर दोन वर्षं होती. टाळेबंदीत गावी आली, तेव्हा या मासिकातला एक लेख वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेखकानं गिअरचं गणित साफ उलटं मांडलं होतं. तिनं चार पानी पत्र लिहून ते सुलटं करून दाखवलं. संपादक प्रियांका ताम्हाणेंनी पत्र छापलं नाही, पण दुसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्यासाठी काम कराल का?" संघप्रियानं विचार करायला एक मिनिटही घेतलं नाही.

तेव्हापासून तीन वर्षं झाली. काम चोख, पण नाव कुठं? लेखाच्या अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'आकडेवारी साहाय्य: सं. खंदारे.' निकाल तिचा, शब्द बऱ्याचदा तिचेच, आणि वर ठळक नाव पुण्यातल्या कुणाचं तरी. याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. चांगलंच वाईट वाटत होतं. ती फक्त तोंडानं बोलत नव्हती.

म्हणूनच ऑक्टोबरात प्रियांकाताईंचा फोन आला, तेव्हा ती जिन्यात मधल्या पायरीवरच उभी राहिली.

"दोन हायब्रिड हायपरकार एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, एकाच चालकाच्या हाती मिळाल्यात," प्रियांकाताई म्हणाल्या. "एक लाल, एक करडी. पायाला कोणती जास्त चांगलं उत्तर देते आणि ट्रॅकवर कोणती सरस, एवढं ठरवायचं. मुखपृष्ठाचा लेख आहे. आणि हे बघ, या वेळी लेख तू लिहायचा. वर नाव तुझं."

गाड्यांची नावं परदेशी आणि लांबलचक होती. सगुणाबाईंनी ती एकदा म्हणून पाहिली आणि सोडून दिली. घरात मग त्यांना लाली आणि करडी म्हणायला लागले, जशी गोठ्यातली जनावरंच.

आता पुढचं समजायला संघप्रियाचा बाप माहीत असायला हवा. सिताराम खंदारे अठ्ठावीस वर्षं दिनकररावांच्या ट्रॅक्टरवर चालक आहे. दिनकरराव गावातले मोठे जमीनदार, पण ट्रॅक्टरच्या बाबतीत सितारामचा शब्द त्यांच्या घरातही चालतो. ट्रॅक्टरला रेस द्यायच्या दोन तऱ्हा असतात. पायानं दाबायची एक पट्टी असते, आणि स्टेअरिंगजवळ हातानं लावायचा एक दांडा. वावरात पहिल्या तासाला सिताराम तो दांडा बरोबर जागेवर लावतो आणि मग सांजेपर्यंत त्याला हात लावत नाही. नांगर काळ्या मातीत खोल रुतला, की इंजिन आपल्या आपण जास्त डिझेल ओढून घेतं. आत त्यासाठी गव्हर्नर नावाचा भाग असतो. दांडा तिथंच, पण ओढ वाढते. संघप्रिया लहानपणी मडगार्डवर बसून हे ऐकायची. इंजिनाचा आवाज जाडावला, की बाप हसून म्हणायचा, "बघ, न सांगता कळलं त्येला." चांगलं इंजिन म्हणजे न सांगता ओळखणारं इंजिन, हे त्या पोरीच्या डोक्यात शाळेत नाव घालायच्या आधीच पक्कं बसलं होतं.

लाल आणि करड्या गाडीच्या रेघा आल्या आणि तिनं चार दिवस मान वर केली नाही.

अशा गाडीत इंजिनाला टर्बो असतो. पाय दाबला की टर्बोला दम भरायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात बॅटरीची मोटर गाडीला पुढं रेटते. हा रेटा किती लवकर येतो आणि इंजिनाची ओढ आली की किती सफाईनं बाजूला होतो, त्यावर सगळं असतं. करड्या गाडीचं पहिलं उत्तर नऊ शतांश सेकंदात आलं होतं, लाल गाडीचं चौदा शतांशात. पहिल्या फेरीत करडी चार दशांश सेकंदानं पुढं होती. आणि वळणांमधून बाहेर पडताना तर करडीनं संघप्रियाला जिंकूनच घेतलं. चालकाचा पाय अर्ध्यावर स्थिर, रेघ सरळ, आणि तरी चाकांची ओढ वाढत चाललेली. लाल गाडीत पाय स्थिर तर ओढही स्थिर. आज्ञाधारक, पण मठ्ठ.

तिनं लिहिलं, 'लाल गाडी सांगितलेलं ऐकते. करडी न सांगता ओळखते.' हे वाक्य तिला इतकं आवडलं, की तिनं ते लेखाच्या सुरुवातीलाच ठेवलं. चौथ्या फेरीत करडी दीड सेकंदानं मागं पडली होती. त्याला तिनं 'टायर तापल्यामुळे' असं अर्ध्या ओळीत वाटेला लावलं.

मंगळवारी संध्याकाळी लेख पाठवायच्या आधी तिनं तो ओसरीवर बापाला वाचून दाखवला. सिताराम हातपाय धुऊन बसला होता. त्यानं दोनदा थांबवून शब्दांचे अर्थ विचारले, आणि शेवटी मान डोलावली.

"करडीच," तो म्हणाला. "पाय तिथंच आन ओढ वाढायली म्हणल्यावर इचारायचं काय? इंजिन असावं तर असं."

"तुम्हा दोघायला करडीच आवडनार," सगुणाबाई आतून म्हणाल्या. "येकाच मडगार्डावर बसून शिकलाव."

त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. दोघंही हसले आणि लेख पुण्याला गेला. बुधवारी प्रियांकाताईंचं उत्तर आलं, की लेख फर्मास आहे, मुखपृष्ठावर करडी घेतोय, शुक्रवारी पाच वाजता फोनवर शेवटचं बोलू आणि शनिवारी पानं छापायला जातील. खाली पानाचा नमुनाही जोडला होता. लेखाच्या वर, बोटभर जाड अक्षरात, संघप्रिया खंदारे. तिनं तो नमुना दिवसभरात किती वेळा उघडून पाहिला ते तिला विचारू नका, ती खरं सांगणार नाही.

शुक्रवारी सकाळी घरचं काम निघालं. खंदाऱ्यांचं स्वतःचं दोन एकर रान आहे, ओढ्यापलीकडं. सोयाबीन निघालं होतं, पोती रानातच होती. दिनकररावांची ट्रॉली सकाळपुरती मोकळी होती, आणि ती घेऊन दिनकररावांचा मुलगा परमेश्वर आला. शेतकी शिकून वर्षाभरापूर्वीच घरी परतलेला, तिशीचा, कामाला वाघ, पण ट्रॅक्टरवर अजून नवखा. सितारामनं पोती भरायला हात लावला आणि परमेश्वर म्हणाला, "मामा, तुमी बसा, मी चालवतो."

भरलेली ट्रॉली मऊ रानातून निघेना. परमेश्वरनं हाताचा दांडा वर लावला, इंजिनानं ओढ धरली, ट्रॉली सुटली. इथवर सगळं ठीक. पण बांध ओलांडला, की सिताराम दर वेळी एक गोष्ट करतो. ट्रॅक्टर थांबवतो, दांडा पार खाली ओढतो, आणि मगच रस्त्याला लागतो. अठ्ठावीस वर्षांत हे चुकलेलं नाही. त्या दिवशी तो मडगार्डावर बसून मागं पोत्यांवर बसलेल्या लेकीशी बोलत होता, आणि परमेश्वरच्या ते ध्यानातच आलं नाही. ट्रॅक्टर तसाच गाडीवाटेला लागला.

ओढ्यातून वर येणारी वाट चढाची आहे आणि माथ्यावर एकदम डावीकडं वळते. उजव्या हाताला दीड पुरुष खोल ओढा. परमेश्वरनं वळणाआधी पाय उचलला. ट्रॅक्टरला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट चढ लागला तसा इंजिनाचा आवाज जाडावला, ओढ वाढली आणि वेग तसूभर कमी होईना. परमेश्वरनं ब्रेक दाबला, तर इंजिन ब्रेकशीच झगडायला लागलं. ट्रॉलीचं मागचं चाक उजव्या कडेला घसरलं. दोन पोती संघप्रियाच्या शेजारून उडाली आणि धप्पदिशी ओढ्यात गेली. तिनं ट्रॉलीची फळी दोन्ही हातांनी धरली.

सिताराम मडगार्डावरून परमेश्वरच्या अंगावर जवळजवळ आडवा झाला आणि त्यानं दांडा खाली ओढला. ट्रॅक्टर दोन हातांवर जाऊन थांबला.

मग सिताराम बोलला, आणि मालकाच्या मुलाशी तो असा बोलेल असं संघप्रियाला कधी वाटलं नव्हतं.

"हातानं लावलेली रेस घिऊन रस्त्याला लागलास?"

"पाय उचलला व्हता मामा मी," परमेश्वर म्हणाला.

"पायाला कोण इचारतंय तितं? दांडा वर हाय तवर इंजिन तुझं ऐकत न्हाई, जमिनीचं ऐकतं. वावरात ते चालतं. वावरात इंजिनानं ठरवायचं. रस्त्यावर मानसानं ठरवायचं. वळनावर आपन न सांगता गाडी ओढाया लागली, तर ती गाडी हुशार न्हाई, ती आपल्याला मारनार हाय. तुझ्या बापाला बी मी ह्यात सोडलं न्हाई, तुला सोडीन व्हय?"

परमेश्वर मान खाली घालून म्हणाला, "चुकलं मामा." पोरगा मनाचा चांगला आहे. तो खाली उतरून ओढ्यातली पोती काढायला गेला.

"बाबा," संघप्रिया म्हणाली, "आत्ता काय म्हणलाव, ते पुन्ना म्हना."

सितारामला वाटलं पोर घाबरली. तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "काई झालं न्हाई माय. बस निवांत."

"न्हाई, घाबरले न्हाई मी. पाय स्थिर, ओढ वाढली. वळनावर." तिनं ट्रॉलीतून खाली उडी मारली. "आपुन दोघं बी चुकलाव बाबा. ती करडी वावरात न्हाई. ती रस्त्यावर हाय. पोती तुमी आना, मला घरी जायचंय."

आणि ती निघाली. आधी झपाझप चालत, मग ओढणी कमरेला खोचून चक्क पळत. झरीतल्या दोन-तीन लोकांनी ती पळताना पाहिली आणि खंदाऱ्यांच्या घरी काही बरं-वाईट झालं की काय, म्हणून विचारायलाही आले.

घरी येऊन तिनं करड्या गाडीची वळणं पुन्हा उघडली. या वेळी तिनं ओढीच्या रेघेकडं पाहिलंच नाही. त्यानंतर चालकानं काय केलं, एवढंच पाहिलं. ओढ न सांगता वाढली, की तिसऱ्या ते चौथ्या दशांश सेकंदाला चालकाचा पाय किंचित वर यायचा. अगदी थोडा, डोळ्याला सहज न दिसण्याएवढा. त्याच वेळी स्टेअरिंग उलट्या बाजूला अर्धा-एक अंश जायचं. म्हणजे गाडीचा मागचा भाग सटकत होता आणि चालक तो सावरत होता. ट्रॅकला अकरा वळणं. अकरापैकी नऊ वळणांवर हेच, आणि चारही फेऱ्यांत. मोटरचा रेटा बाजूला व्हायला हवा तेव्हा होत नव्हता, आणि वरून टर्बोची ओढ येऊन पडत होती. अशा प्रत्येक वळणावर मागची चाकं घसरली, म्हणून टायर तापले, म्हणून चौथ्या फेरीत गाडी मागं पडली. तिनं अर्ध्या ओळीत वाटेला लावलेली गोष्टच खरी गोष्ट होती.

मग तिनं लाल गाडी पाहिली. पाय दाबला, ओढ आली. पाय थांबला, ओढ थांबली. चालक एकदाही सावरायला गेला नव्हता. चार फेऱ्यांच्या वेळांत एकमेकींशी पाव सेकंदाचाही फरक नव्हता. पहिलं उत्तर पाच शतांशानं उशिरा आलं हे खरं, पण आलं ते मागितलं तेवढंच आलं. याला ती मठ्ठ म्हणाली होती. स्वतःचंच वाक्य वाचून तिला कानशिलं तापल्यासारखी वाटली.

पाच वाजेपर्यंत थांबायचं कशाला? तिनं अडीचलाच फोन लावला आणि प्रियांकाताईंना म्हणाली, "चालकालाही फोनवर घ्या. मला त्यांना एक प्रश्न विचारायचाय."

चालक म्हणजे कोल्हापूरचे रंगनाथ निकम, शर्यतीच्या दुनियेतलं मोठं नाव. त्यांनी आपल्या टिपणात करड्या गाडीला 'जिवंत' म्हटलं होतं. फोनवर आले तेव्हा घाईतच होते.

"सर, करड्या गाडीत नवव्या वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय का उचलला?" तिनं विचारलं.

"उचलला? नाही, मी नाही उचलला. तिथं तर पाय तसाच धरून ठेवायचा असतो."

"चारही फेऱ्यांत उचललाय. आणि स्टेअरिंग उलटं दिलंय. तिसऱ्या फेरीत तर दोनदा."

निकम बहुधा डोळे मिटून ते वळण पुन्हा घेत असावेत. मग ते सावकाश म्हणाले, "उचलला. हो, उचलला मी. गाडी माझ्या आधी निघाली होती." आणि जरा थांबून, "मी त्याला जिवंत म्हणालो. खरं तर त्या गाडीवर मी सतत नजर ठेवून होतो. लालमध्ये मला तसं करावं लागलं नाही. तुम्ही तिथं होता का त्या दिवशी?"

"नाही," संघप्रिया म्हणाली. "मी झरीला होते."

निकम फोनवरून गेले आणि प्रियांकाताई उरल्या. त्यांचा स्वर आता जड होता. "अगं, पानं तयार आहेत. मुखपृष्ठावर करडी आहे, खाली 'विजेती' लिहिलंय. एक करू या का? निकाल थोडा मऊ करू. दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ. सगळे असंच लिहितात, कुणी काही म्हणत नाही."

"ताई, दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ म्हणायचं असेल, तर डबी कशाला बसवायची गाडीत?"

प्रियांकाताई हसल्या नाहीत. "मग मला मासिकाच्या मालकांकडं जावं लागेल. मुखपृष्ठ बदलायचं म्हणजे ते विचारणारच, चूक कुणाची. मी खोटं बोलणार नाही. आणि पहिल्याच मोठ्या लेखात एवढी चूक म्हटल्यावर ते म्हणतील, लेख दुसऱ्या कुणाच्या नावानं जाऊ दे. मी भांडेन तुझ्यासाठी, पण तुझं नाव जाऊ शकतं. हे आधी सांगते."

बोटभर जाड अक्षरातलं ते नाव संघप्रियाला समोर दिसत होतं. तीन वर्षं तिनं याचीच वाट पाहिली होती. नुसतं गप्प बसलं असतं तरी ते छापून आलं असतं. करडी जिंकली म्हणून कुणाचं घर बुडणार नव्हतं. ती गाडी विकत घेणारे पाच-पन्नास लोक, आणि तेही झरीच्या संघप्रियाला विचारून घेणार नव्हते. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. न यायला ती काही देव नाही.

"चूक माझी आहे हे सांगाच," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच घट्ट निघाला. "ती कशी झाली, तेही मीच लिहून देते. लेखाशेजारी चौकटीत छापा. पण ताई, त्या चौकटीखाली नाव माझं पाहिजे, आणि निकालावरही माझंच पाहिजे. चुकीला मी आणि निकालाला दुसरं कुणी, असं चालणार नाही. तसं असेल तर दोन्ही काढा."

मागं ऑफिसात कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"सहाच्या आत पाठव दोन्ही," प्रियांकाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. नावाचं काय, ते बोलल्या नाहीत.

तिनं लेख पहिल्या वाक्यापासून नवा लिहिला. चौकट लिहायला मात्र तिला वीस मिनिटंही लागली नाहीत. सहाला पाच कमी असताना दोन्ही गेलं. त्यानंतर पुण्याहून आठवडाभर चकार शब्द नाही. सगुणाबाईंनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायचं टाळलं. संघप्रिया आपली पुढची कामं करत राहिली. फोन वाजला, की तिचा हात नेहमीपेक्षा थोडा लवकर जायचा एवढंच.

बाराव्या दिवशी पोस्टमन पाकीट देऊन गेला. तेव्हा सिताराम दुपारच्या जेवणाला घरी आला होता. मुखपृष्ठावर लाल गाडी होती. संघप्रियानं घाईनं पानं उलटली आणि हात थांबला. लेखाच्या वर, बोटभर जाड अक्षरात, संघप्रिया खंदारे. शेजारी पिवळ्या चौकटीत 'मी कुठे चुकले', आणि खाली पुन्हा संघप्रिया खंदारे.

तिनं मासिक बापापुढं धरलं, आणि सगुणाबाई पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आल्या. संघप्रिया त्यांना धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिनं ते पुसायचा आव आणला नाही.

सितारामनं चष्मा लावला. तो जेवढा शिकला तेवढं नीट शिकला होता. सावकाश वाचतो, पण एक अक्षर सोडत नाही. त्यानं आधी लेख वाचला नाही. चौकट वाचली, ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत.

'मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर वाढले. पाय स्थिर असताना ओढ वाढली, तर ते चांगल्या इंजिनाचं लक्षण, असं मी लहानपणापासून मानत आले. नांगराला ते खरं आहे. ट्रॅकवर ते उलटं आहे. तिथं गाडीनं चालकाच्या पायाएवढंच द्यायला हवं. माझ्या पहिल्या निकालात मी शेतातला नियम ट्रॅकला लावला. ती चूक सर्वस्वी माझी आहे.'

तो शेवटच्या ओळीवर थांबला. ती त्यानं दुसऱ्यांदा वाचली.

"हे बरोबर न्हाई," तो म्हणाला.

"काय बरोबर न्हाई?"

"सर्वस्वी तुझी कुठं? मी बी हो म्हणलं व्हतं की. दोघांची व्हती."

"तुमचं नाव कशाला चुकीत घालू बाबा?" संघप्रिया म्हणाली. "चूक मी लिहिली व्हती."

सितारामनं चष्मा काढला. चौकटीखालच्या नावावरून त्यानं अंगठा हळूच फिरवला, शाई ओली असल्यासारखा.

"घालायचं व्हतं गं," तो म्हणाला. "तुझ्या नावाशेजारी आलं असतं."